काच, मेण आणि पाण्याचा हात

पोळी लाटताना पोळपाटावर पिठी भुरभुरतात. भाकरी थापताना, वडे तळणीत सोडताना पाण्याचा हात घेतात. डोसा घालण्याआधी तव्यावरून तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवतात. या सगळ्या खटपटीचा हेतू एकच असतो. दोन चिकट गोष्टींच्या मध्ये एक पातळ तिसरा थर घालायचा. हा थर किती असावा, केव्हा द्यावा, केव्हा पुन्हा द्यावा हे कोणत्याही पाककृतीत नीट लिहिलेले नसते. ते हाताला कळावे लागते.

काच फुंकण्याच्या हत्यारांचा इतिहास वाचताना आम्हाला हे पुन:पुन्हा आठवत होते. कारण हजार अंशांवरच्या मऊ काचेला आकार देणारे जवळजवळ प्रत्येक हत्यार असाच एक थर सांभाळून काम करते. हत्यार निगुतीने ठेवणे म्हणजे मुख्यत: तो थर ठेवणे.

सुरुवात एका चित्रापासून करू. गेओर्ग अग्रिकोला या जर्मन विद्वानाचा खाणी आणि धातुविद्येवरचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५५६ मध्ये छापला गेला. त्याच्या बाराव्या, म्हणजे शेवटच्या भागात काचेची भट्टी आहे. अग्रिकोला दोन वर्षे व्हेनिसमध्ये राहिला होता आणि तिथल्या मुरानो बेटावर तयार होणारी काचेची भांडी त्याने पाहिली होती. ग्रंथातल्या एका काष्ठचित्रात घुमटासारखी भट्टी आहे, तिच्याभोवती माणसे कामात गुंतलेली आहेत. चित्रावर पाच अक्षरे कोरून खाली त्यांचे अर्थ दिले आहेत: फुंकनळी, भट्टीची लहान खिडकी, संगमरवर, चिमटा आणि साचे. बस्स, एवढेच. खिडकी भट्टीची, म्हणजे हत्यारे उरली चार. आज जगातल्या कोणत्याही हातकामाच्या काचशाळेत गेलो तर हीच चार हत्यारे समोर येतील. भर पडलेली दिसेल ती कात्र्या, लाकडी ठोकळे आणि कारागिराचा बाक यांची. भट्टीचे इंधन बदलले, काचेचे घटक शुद्ध झाले, तापमान मोजायची साधने आली. हत्यारे मात्र जवळपास तशीच राहिली.

असे का झाले असेल? कारागीर जुन्याला चिकटून बसतात असे म्हणून मोकळे होता येईल, पण ते खरे नाही. काच करणारे लोक नव्या गोष्टींना नेहमीच हपापलेले होते. हत्यारे टिकली, कारण काचेच्या अंगच्या गुणांनी त्यांचा आकार आणि माल फार लवकर ठरवून टाकला.

फुंकण्याची कला स्वत: काचेपेक्षा बरीच नवी आहे. माणूस काच करतो आहे त्याला चार हजार वर्षे होत आली, पण त्यातली पहिली दोन हजार वर्षे काच साच्यात दाबून, कोरून किंवा मातीच्या गाभ्याभोवती गुंडाळून घडवली जात असे. जेरुसलेमच्या जुन्या ज्यू वस्तीत १९७० च्या सुमारास नाहमान अविगाद यांनी केलेल्या उत्खननात एका काचशाळेचा टाकाऊ माल सापडला. तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला आहे. त्यात काचेच्याच बारीक नळ्या आहेत आणि काही नळ्यांचे एक टोक फुगवून छोटा फुगा केलेला आहे. म्हणजे पहिली फुंकनळी बहुधा लोखंडाची नव्हती, काचेचीच होती! त्या नळीने बाटलीच्या बुचाएवढी कुपी होईल, मोठा घडा होणार नाही, कारण भट्टीजवळ नेताच नळीही मऊ पडेल. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मात्र सगळे पालटले. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातले काही रोमन मातीचे दिवे एड्रियाटिक समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर मिळाले आहेत. त्यांच्यावर उठावात भट्टी कोरली आहे आणि तिच्यासमोर बसून एक माणूस लांब नळीतून काच फुंकतो आहे. तोवर हा धंदा साऱ्या रोमन साम्राज्यात पसरला होता.

आता मूळ अडचण पाहू. भट्टीतून नळीच्या टोकावर गुंडाळून काढलेला साध्या काचेचा गोळा अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. त्या वेळी तो काकवीसारखा वाहतो, म्हणून नळी सारखी फिरवत ठेवावी लागते. थांबलो की गोळा खाली ओघळला. हजार-नऊशेला तो आकार घेण्याजोगा होतो, सातशेच्या खाली फारसा दाद देत नाही आणि पाचशे-साडेपाचशेच्या खाली पुरता कडक होतो. काम करायला मिळतो तो अर्ध्या-पाऊण मिनिटाचा अवधी. मग पुन्हा भट्टीच्या तोंडाशी नेऊन तापवायचे.

अशा गोळ्याला स्पर्श कशाने करायचा? उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांबरोबर करता येण्याजोगा एक हिशोब इथे देतो. दोन वेगळ्या तापमानाचे पदार्थ एकमेकांना टेकले की टेकलेल्या जागी क्षणात एक मधले तापमान स्थिर होते. ते कोणत्या बाजूला झुकेल हे ठरते पदार्थाची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा या तिघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावरून. लोखंडासाठी हा आकडा काचेच्या सुमारे साडेसहा पट येतो. म्हणून २५ अंशांवरचे लोखंड १००० अंशांच्या काचेला टेकले, तर स्पर्शाच्या जागेचे तापमान सरासरी ५१२ न होता दीडशेच्या आसपास येते. लोखंड जिंकते, काचेची कातडी गारठते आणि गोळा चिकटत नाही. तेच लोखंड ६०० अंशांना तापलेले असेल तर स्पर्शाची जागा साडेसहाशेच्या घरात राहते, काच मऊच राहते, लोखंडाला भिजवते आणि धरून बसते. कोरड्या लाकडाचा आकडा उलट काचेच्या पाचव्या हिश्श्याएवढाच. तिथे हिशोब येतो साडेआठशेच्या आसपास. लाकूड पेटणारच! हा अर्थातच कागदावरचा हिशोब आहे, प्रत्यक्षात प्रारणाने जाणारी उष्णता वगैरे भानगडी त्यात धरलेल्या नाहीत, पण दिशा बरोबर आहे.

एवढे समजले की एकेक हत्यार उलगडत जाते. फुंकनळीला काच चिकटायलाच हवी, म्हणून गोळा घेण्याआधी नळीचे टोक लालसर होईपर्यंत तापवतात. थंड नळीवर काच बसत नाही. संगमरवरी पाट्यावर उलट काच चिकटता कामा नये, म्हणून तो गारच हवा. या पाट्यावर गोळा लोळवून त्याला दंडगोल किंवा शंकूचा आकार देतात. पुढे दगड जाऊन लोखंडाची जाड पाटी आली. इंग्रजीत तिला आजही ‘मार्व्हर’ म्हणतात, ते मूळच्या संगमरवराच्या फ्रेंच नावावरूनच. या पाट्याची निगा म्हणजे तो आरशासारखा ठेवणे. धूळ, गंजाचा ठिपका, मेणाचा थेंब, सगळ्याचे ठसे गोळ्यावर उमटतात आणि काच निर्दय असल्याने ते आतपर्यंत दिसतात.

फुंकनळीची निगा वेगळी आणि थोडी गमतीची आहे. काम संपल्यावर नळीच्या टोकाला काचेचा कडे-कंगोरा उरतो. तो हातोडीने ठोकून काढणारा नवशिक्या हमखास बोलणी खातो, कारण ठोकण्याने नळीचे तोंड बिघडते आणि पुढचा प्रत्येक गोळा एका अंगाला जातो. नुसती थंड होऊ दिली की काम आपोआप होते. लोखंड थंड होताना साध्या काचेपेक्षा जास्त आकसते, दोघांत ताण येतो आणि काच तडतडून गळून पडते. पदार्थांच्या प्रसरणाचा धडा शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही. नळी सरळ आहे की नाही हे पाट्यावर लोळवून पाहतात. वाकलेली नळी कितीही सफाईने फिरवली तरी टोकाचा गोळा डोलतच राहतो.

पण गळून पडलेल्या त्या काचेबरोबर लोखंडाची काळी खपलीही येते. तापलेल्या लोखंडावर हवेतल्या ऑक्सिजनने धरलेला तो थर. अंतोनियो नेरी या फ्लॉरेन्सच्या धर्मगुरूने १६१२ मध्ये काचेच्या कलेवरचे पहिले छापील स्वतंत्र पुस्तक लिहिले. नळीला चिकटून राहिलेली ही काच नितळ काचेच्या मुशीत परत टाकू नका, लोखंडामुळे सगळी काच काळवंडेल, अशी ताकीद त्यात आहे. आज आपण म्हणू की लोहाच्या आयनांनी काच रंगते. नेरीला आयन ठाऊक नव्हते, पण दोष कोठून येतो हे पक्के माहीत होते. हल्ली नळीचे टोक न गंजणाऱ्या पोलादाचे करतात, त्याने खपली कमी धरते.

आता ठोकळ्याकडे वळू, कारण आमच्या मते सगळ्या हत्यारांत हुशारीचे ते हेच. लाकडाच्या तुकड्यात अर्ध्या वाटीसारखा खळगा कोरून त्याला दांडा ठेवलेला असतो, मोठ्या पळीसारखा. गोळा या खळग्यात ठेवून नळी फिरवली की तो चेंडूसारखा गोल होतो. पण आत्ताच हिशोब केला की लाकूड पेटेल. मग?

याचे उत्तर तव्यावर आहे. तवा नुसता गरम असताना पाण्याचा थेंब टाकला तर चर्र होऊन उडून जातो. तवा खूप तापलेला असेल तर तोच थेंब गोळी होऊन इकडेतिकडे नाचत राहतो आणि बराच वेळ टिकतो. थेंबाच्या खालच्या बाजूची वाफ त्याला उचलून धरते आणि ती वाफच उष्णतेला अडवते. योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने लालबुंद लोखंडी पळीत थेंब टाकून हा प्रकार बारकाईने पाहिला आणि १७५६ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. काच कारागीर हेच तत्त्व उलट्या बाजूने वापरतात. ठोकळा पाण्यात मुरवलेला असतो. गोळा टेकताच लाकडाच्या रंध्रांतले पाणी उकळते, त्याची सोळाशे-सतराशे पट आकारमानाची वाफ होते आणि काच या वाफेच्या गादीवर फिरते. वाफेची उष्णतावाहकता लोखंडाच्या हजारांशानेही नसते. त्यामुळे काच फार गारठत नाही, तिच्यावर ठसा उठत नाही आणि लाकडाचे नुसते वरचे पापुद्रे कोळसा होतात. तो कोळशाचा थरही उपयोगी पडतो, कारण काच कोळशाला चिकटत नाही.

या ठोकळ्याची निगा हा स्वतंत्र अभ्यास आहे. लाकूड चेरी, पेअर, सफरचंद अशा फळझाडाचे घेतात, ज्याचा पोत एकसारखा घट्ट असतो. पाइनसारखे राळ असलेले लाकूड चालत नाही, राळ पेटते आणि काचेवर डाग सोडते. नवा ठोकळा कित्येक आठवडे पाण्यात ठेवून मग गरम काचेवर हळूहळू ‘जाळून’ तयार करतात, आपण नवा बिडाचा तवा तेल देऊन तयार करतो तसा. एकदा तयार झाला की तो कायम पाण्यातच राहायचा. शाळेच्या सुट्टीत बादली रिकामी करून ठोकळे उन्हात वाळत ठेवले तर ते उभे तडकतात आणि तडकलेला ठोकळा फेकावाच लागतो. पाणी बदलावे लागते, नाही तर बुळबुळीत होऊन सडका वास येतो. काच टेकवण्याआधी खळग्यात साठलेले पाणी झटकतात. पाणी हवे ते लाकडात मुरलेले. खळग्यातले डबके वाफेच्या गादीऐवजी नुसतेच काच गार करते. आणि रोजच्या जळण्याने खळगा थोडा थोडा मोठा होत जातो. गेल्या वर्षी संत्र्याएवढ्या गोळ्याला वापरलेला ठोकळा पुढे मोसंब्याला लागतो. हत्यार झिजून मोठे होण्याचे दुसरे उदाहरण आम्हाला तरी चटकन सुचत नाही.

आजच्या काचशाळांत ठोकळ्याबरोबर आणखी एक वस्तू सर्रास दिसते: जुने वर्तमानपत्र! काही पाने एकावर एक घडी घालून तळहाताएवढी गादी करतात, ती पाण्यात चिंब भिजवतात आणि सरळ हातात धरून तिच्यावर हजार अंशांचा गोळा फिरवतात. काच आणि तळहात यांत फक्त भिजका कागद आणि वाफ. गुळगुळीत रंगीत पुरवण्या मात्र घेत नाहीत, त्यांच्यावरचे लेप जळून काचेला लागतात. (हा प्रयोग वर्गात करून पाहण्याचा मुळीच नाही, हे सांगायला नकोच.)

याच पाण्याचे दुसरे रूपही पाहण्यासारखे आहे. भांडे नळीवरून सोडवायचे असते तेव्हा कारागीर आवळलेल्या मानेवर थेंबभर पाणी लावतो, नळीला एक हलका ठोका देतो आणि भांडे तिथूनच सुटते. गोळ्याखाली गादी होणारे पाणी इथे सुरी होते. मऊ काचेत ताण आला तरी ती थोडी वाहून तो जिरवते. मान तोवर कडक झालेली असते, तिला वाहता येत नाही, म्हणून गार झालेल्या रेषेवर तडा जातो. पाणी तेच, ते कोणत्या क्षणी लावायचे हीच सगळी विद्या.

ही मान आवळण्याचे काम चिमट्याचे. दोन लांब पाती मागे लवचिक पट्टीने जोडलेली असतात, आपल्या चुलीतल्या चिमट्यासारखीच, पण पाती निमुळती आणि गुळगुळीत. बाकावर बसून कारागीर डाव्या हाताने नळी बाकाच्या आडव्या दांड्यांवर पुढेमागे लोळवतो आणि उजव्या हातातल्या चिमट्याने फिरत्या काचेला आवळतो, रुंदावतो, पेल्याचे तोंड उघडतो. कुंभाराच्या चाकासारखे हे, फक्त चाक आडवे झाले आहे. पातीचे लोखंड काचेवर कोरडे घासले तर कचकच अडकते आणि बारीक कंगोरे उठतात. म्हणून मेण. मधमाशांच्या मेणाची वडी बाकावर हाताशी असते. पाती कोमट-गरम असताना तिच्यावर मेण फिरवतात. ते वितळून पसरते, काचेला टेकताच धूर होतो आणि मागे काजळीचा पातळ, निसरडा थर उरतो. हा थर एक-दोन आवळण्यांत जातो, पुन्हा मेण द्यायचे. अनुभवी माणूस चिमट्याच्या आवाजावरून मेण संपल्याचे ओळखतो.

चिमटा लालबुंद काचेत फार वेळ रुतवून ठेवला तर पाती तापते, चिकटू लागते, आणखी तापली तर पोलादाचे पाणी उतरते आणि मागच्या पट्टीची उसळी जाते. तो हातोडीसारखा वापरायचा नाही, त्याने गार काचेचे तुकडे उचलायचे नाहीत. पातीवर एक ओरखडा पडला की तो प्रत्येक पेल्याच्या मानेवर बारीक वळ्याच्या रूपाने छापला जातो. मग बारीक पॉलिश पेपरने, पातीच्या लांबीच्या दिशेने घासून तो काढायचा, आणि रात्री ठेवताना मेणाचा किंवा तेलाचा हात द्यायचा म्हणजे गंज धरत नाही. कात्रीचे शास्त्र याहून थोडके: धार ठेवा, सांधा ढिला होऊ देऊ नका आणि कडक झालेली काच तिने कधीच कापू नका, धारेचे तुकडे उडतील.

आता एक प्रश्न आम्हाला फार दिवस छळत होता. ही सगळी माहिती जुन्या पुस्तकांत का सापडत नाही? अग्रिकोला चिमट्याचे चित्र देतो, मेणाचे नाही. नेरीचे पुस्तक पाककृतींचे आहे: कोणती राख, कोणती वाळू, तांब्याने कोणता रंग येतो. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीच्या क्रिस्टोफर मेरेट या वैद्याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि स्वत:च्या लांबलचक टिपा जोडल्या. त्यांत हत्यारांची नावे आहेत, आणि ती इटालियन नावे इंग्रजी जिभेवर घासून गुळगुळीत झालेली आहेत. म्हणजे हत्यारे पुस्तकातून इंग्लंडला गेली नाहीत, इटालियन कारागिरांच्या गाठोड्यातून गेली. १८४९ मध्ये लंडनचा काच कारखानदार ॲप्स्ली पेलॅट याने आपल्या पुस्तकात हत्यारांची नीट चित्रे दिली, तेव्हाही ती अग्रिकोलाच्या वाचकाला ओळखू आली असती.

व्हेनिसच्या राज्यकर्त्यांना हे मर्म फार आधी कळले होते. १२९१ मध्ये आगीच्या भीतीने त्यांनी शहरातल्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, हे पाठ्यपुस्तकांतही असते. पुढे कारागिरांनी परमुलखात जाऊन धंदा करू नये म्हणून कडक कायदे केले. हत्यारे जप्त करण्याची त्यांना गरज वाटली नाही. चिमटा कोणताही लोहार बघून करू शकतो. जपायची होती ती माणसे. फ्रान्सलाही हे ठाऊक होते. १६६५ मध्ये तिथे राजाच्या आश्रयाने आरशांचा कारखाना निघाला तेव्हा त्यांनी मुरानोहून चोरून आणली ती माणसेच.

आपल्याकडेही हा धडा गिरवला गेला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या आणि लोकमान्य टिळकांचे पाठबळ लाभलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना काढला. लोकांकडून पैसा पैसा गोळा केलेला. त्याची सूत्रे सोपवली ती ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे, जे जपान आणि अमेरिकेत जाऊन काचविद्या शिकून आले होते. स्वदेशीच्या त्या दिवसांत काच करण्याची कृती मिळवणे अवघड नव्हते. कृती छापलेल्या होत्या. अवघड होते ते फुंकणारे हात तयार करणे, आणि म्हणूनच तळेगावचा कारखाना काच विकण्याइतकाच काचकाम शिकवण्यासाठीही होता. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ कारखाना काढला, ती जागा ओगलेवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला.

कंदिलाची काच हा शब्द आला म्हणून साच्यांबद्दल थोडे सांगू. गोल वस्तू एकसारख्या मापाच्या हव्या असतील तर लोखंडी साच्यात फुंकतात. कोरड्या लोखंडी साच्यात फुंकलेल्या बाटलीवर साच्याच्या दोन अर्धांची शिवण उमटते. ती नको असेल तर साच्याच्या आतून जवसाच्या तेलात कालवलेल्या कोळशाच्या किंवा बुचाच्या पुडीचा लेप देऊन तो भाजतात. प्रत्येक वेळी साचा पाण्यात बुडवायचा आणि आत काच फिरवत फिरवत फुंकायची. लेप पाणी धरतो, वाफेची गादी होते, काच तिच्यावर फिरते आणि शिवण पुसली जाते. म्हणजे लोखंडाला ओल्या लाकडासारखे वागायला लावले! लेप झिजला की खरवडून नवा द्यायचा, हीच त्याची निगा.

एडिसनच्या दिव्यांसाठी १८८० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कारखान्यात काचेचे फुगे हाताने फुंकले गेले. १९२६ मध्ये तिथेच एक यंत्र चालू झाले. काचेची तप्त पट्टी सरकत जायची, तिच्यातून फुगे लोंबायचे आणि खालून येणारे साचे त्यांना कवेत घ्यायचे. मिनिटाला अडीचशेहून अधिक फुगे. पण ते साचेही लेप दिलेले, ओले आणि फुग्याभोवती फिरणारे होते. माणूस गेला, नळी गेली, वाफेची गादी मात्र यंत्रालाही सोडवेना.

यंत्रांच्या या रेट्यात हातकामाची विद्या कारखान्यांच्या भिंतींआड उरली. १९६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील टोलेडो येथील कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटलटन या कुंभारकाम शिकवणाऱ्या प्राध्यापकाने एक कार्यशाळा भरवली. कारखान्याबाहेर, एका माणसाला लहान भट्टीवर काच फुंकता येईल का, हे पाहायचे होते. जमलेल्या लोकांनी पुस्तके वाचली होती. पहिले वितळण फसले. मग डॉमिनिक लॅबिनो या काचतज्ज्ञाने भट्टीत सुधारणा सुचवली आणि काचतंतूंसाठी बनवलेल्या गोट्या वितळवायला दिल्या. काच तर वितळली, पण ती फुंकायची कशी हे नीट कोणालाच येईना. ते दाखवले हार्वे लीफग्रीन या लिबी कारखान्यातून निवृत्त झालेल्या कारागिराने. विद्यापीठातल्या माणसांना एका निवृत्त कामगाराने नळी धरायला शिकवली, आणि त्यानंतर जगभर शेकडो छोट्या काचशाळा निघाल्या. १९७९ मध्ये मुरानोचा नामांकित कारागीर लीनो ताल्यापिएत्रा अमेरिकेत शिकवायला गेला, तेव्हा घरचे गुपित परक्यांना दिले म्हणून त्याच्यावर त्याच्याच बेटावर टीका झाली. ज्या कायद्यांचे पूर्वी भय होते ते कधीच गेले होते, पण भावना शिल्लक होती.

जी विद्या कोणी लिहिली नाही आणि जिचे शिकवणारे हातही उरले नाहीत, ती पुन्हा कशी शोधायची? कॉर्निंगच्या काचसंग्रहालयातले विल्यम गुडनरॅथ यांनी यासाठी वस्तूंनाच विचारले. ते स्वत: काच फुंकतात. सोळाव्या शतकातला व्हेनिसचा पेला घ्यायचा, त्याच्यावरच्या हत्यारांच्या खुणा पाहायच्या, तसाच पेला स्वत: करून पाहायचा आणि खुणा जुळेपर्यंत रीत बदलत राहायची. २०१६ मध्ये त्यांनी हा सारा अभ्यास चित्रफितींसह प्रसिद्ध केला.

अशा खुणा आपल्याला शाळेतही शोधता येतील. विद्यार्थ्यांना घरून जुन्या काचेच्या वस्तू आणायला सांगा: लोणच्याची जुनी बरणी, औषधाची बाटली, कंदिलाची काच, हंडी, फ्यूज गेलेला जुना पिवळा बल्ब. बाटलीच्या अंगावरून नख फिरवले तर साच्याची शिवण लागेल. बल्बच्या पोटावर ती लागणार नाही, तो वाफेवर फिरलेला आहे. हंडी किंवा पेला हातकामाचा असेल तर तळाच्या मधोमध एक खरखरीत गोल डाग किंवा तो घासून काढल्याचा उथळ खळगा सापडेल. तोंडाला आकार देताना भांडे दुसऱ्या बाजूने ज्या भरीव सळईवर तोलले होते, तिची ती खूण. आणि मानेपाशी भिंगातून पाहिले तर एखादे वेळी एकमेकांना समांतर अशी अगदी बारीक वळी दिसतील, जिथे चिमट्यावरचे मेण संपले होते.